वाघानं भुंकू नये

।। श्री खंडोबा प्रसन्न ।।

चौसाळा
दि. १८ मार्च १९७३

ति. स्व. तात्याबादादास,
धाकटी बहीण अंजना हिचा सा. न. वि. वि.

हे पत्र राक्षसभुवनच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर टाकते. तू गोदागंगेच्या काठानं मेंढरं घेऊन हिंडत असशील, पण मिठामिरचीला त्याच दुकानात येतोस असं मागं लिहिलं होतंस. दुकानदार भला असंल तर पोचंल. चतुरावहिनीला नमस्कार, आन माझ्या भाचीला मुका. तिकडं मेंढरांच्या तोंडाला काही लागतं का? इकडं लिंबाचा पाला बी लोकांनी ओरबाडून नेलाय. मी सडकेच्या कामावर खडी फोडायला जाते. तिथं मिळणारी दुष्काळी सुकडी खाऊन खाऊन तोंडाची चव गेली बघ.

तुझा जमादार सुखात हाय. पौषात लांडग्यानं त्याचा पाय फाडला म्हणून तू माझ्यापाशी ठेवून गेलास, ती जखम पार भरली. रोज हळद आन तेल लावलं, चाटू नये म्हणून शेजारी बसून राहिले. आता उठताना तेवढा लंगडतो. त्याच रातीला लांडग्यानं त्याच्या जोडीच्या रंभी कुत्रीची मान धरली होती, तिचं कसं हाय ते तू लिहीतच न्हाईस. जमादाराला मी लहानपणी शेळीच्या दुधावर वाढवला आन नाव मात्र तुझं झालं. आता माझ्यामागं खडीच्या ढिगापर्यंत येतो आन सावलीला बसून माझ्याकडं बघतो. मुकादम म्हणतो, बाई, तुझ्यावर तर आमच्यापरीस कडक माणूस नेमलाय.

आता खरं कारण लिहिते. साखर कारखान्याची निवडणूक लागलीय. तुझे दाजी सुंदररावांच्या पॅनेलमागं चपला झिजवायला लागलेत. पॅनेलला निशाणी मिळाली वाघ. समोरच्यांना तराजू. त्यांनी बैलगाडीवर मोठ्ठा तराजू बांधून गावभर फिरवला. मग सुंदररावांच्या बैठकीत कुणी म्हणालं, आपण वाघ कुठून आणायचा? तर दाजी उठून बोलून बसले की आमच्या घरात वाघाएवढं कुत्रं हाय, त्याला सजवून काढू. सुंदररावांना ते लई पसंत पडलं. मिरवणूक नीट झाली तर येत्या हंगामाला कारखान्यात कायमची नोकरी देतो म्हणालेत.

मी घरात सांगितलं, कुत्रं माझं न्हाई, माझ्या भावाच्या मेंढरांचं हाय, त्याला विचारल्याबिगर देणार न्हाई. तवापासून बोलणं बंद हाय. दादा, नोकरी लागली तर माझ्या हातातला हातोडा सुटंल, हे खोटं कशाला सांगू? पण तू नको म्हणालास तर मी नकोच म्हणंन. द्यायचं ठरलं तर झूल माझ्या हातानं शिवीन.

उत्तर लवकर टाक. माझ्यावर हाय तशी माया असू दे.

तुझी,
अंजना

*

मु. राक्षसभुवन
दि. २७ मार्च १९७३

चि. सौ. अंजनास,
तात्याबाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. दुकानदारानं गुळाच्या ढेपंखाली जपून ठेवलं होतं, त्यामुळं तुझ्या पत्राला मुंग्या लागल्या. इकडं खुशाली हाय म्हणायची. गंगेत पाणी म्हणजे डबकी. दोन कोकरं लांडग्यानं नेली. रंभीची मान बरी झाली, पण एकटी पडलीय बिचारी. रातभर मेंढरांभवती फेऱ्या घालून भुंकते, सकाळी तिचा आवाज बसलेला असतो. तुझी भाची तिच्याच अंगावर डोकं ठेवून झोपते. तिला जोडीदार पाहिजे. मृगाच्या आधी मला जमादार धडधाकट पाहिजे, अंजना. त्याच्याबिगर धारूरच्या डोंगरात मेंढरं चढवायची माझी छाती न्हाई, हे ध्यानात ठेव.

दाजींचं वाचून हसू बी आलं आन रागही. वाघ पाहिजे तर स्वतःच का होत न्हाईत? मिशा तर चांगल्या हायेत. पण तू हातोड्याचं लिहिलंस ते परत परत वाचलं. बापानं तुला खडी फोडायला दिली नव्हती.

ने म्हणतो. पण माझं ऐकून ने. झूल सुती घे, ढिली शीव, छातीखालून तुझा हात सहज जाईल एवढी. गळ्यापाशी गाठ नको. कान आन शेपूट मोकळं ठेव. कुत्रं काय म्हणतंय ते तिथंच कळतं. कापड आधी त्याच्या अंथरुणात टाक, वास घेऊ दे, मग अंगावर घाल. शेपूट पोटात घातली की तिथंच सगळं उतरव, मग सुंदरराव येवो न्हाईतर त्यांचा बाप. अंगाला रंग लावायचा न्हाई, तो चाटतो. मिरवणूक सांजच्याला, ऊन उतरल्यावर. आन तोंडाला काही बांधायचं न्हाई. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत न्हाई, ते जीभ बाहेर काढून धापतं तवाच निवतं. हे दाजींना वाचून दाखव. वाचून दाखवलंस का ते मला लिही.

जमादाराच्या पाठीवर माझ्या वतीनं थाप मार. लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.

तुझा दादा,
तात्याबा

*

चौसाळा
दि. ८ एप्रिल १९७३

ति. स्व. दादास,
अंजनाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दाजींना दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मान हलवली, दुसऱ्यांदा म्हणाले, तुझा भाऊ काय गुरांचा डॉक्टर लागून गेला का? पण कबूल केलं. मिशांचं तेवढं मी वाचलं न्हाई.

माझ्या जुन्या लुगड्याची झूल शिवली. हळदीत बुडवून पिवळी केली, तव्याच्या काजळीनं पट्टे ओढले. तू सांगितलंस तशी त्याच्या अंथरुणात टाकली, तर हा पठ्ठ्या तिच्यावरच झोपायला लागला आन निम्मे पट्टे पुसून टाकले. परत ओढले. घालायला गेले तर निमूट उभा राहिला, जणू शाळेत निघालाय. मानेवर लोकरीची आयाळ लावली होती, पण वाघाला ती नसते असं साखराबाई म्हणाली म्हणून काढून टाकली. साखराबाई म्हणजे आमची शेजारीण, कामावर माझ्याच टोळीत असते. तिनं वाघ पाहिलाय म्हणे, औरंगाबादला सर्कशीत.

परवा सांजच्याला पहिली मिरवणूक झाली. मी सोबत होते, हातात पाण्याचा तांब्या. जमादार जीपच्या मागं पायी चालला. दादा, काय ऐटीत चालला! पोरं मागं पळत होती, तो शेपूट हलवत होता. पण वेशीपाशी समोरून एक कुत्रं आलं आन आमचा वाघ भुंकला. जोरात भुंकला, जसा मेंढरापाशी भुंकतो तसा. मग काय, अख्खा पार हसला. तराजूवाले ओरडले, सुंदररावांचा वाघ भुंकतो रे. दुसऱ्या दिवशी पोरांनी भिंतीवर कोळशानं तेच लिहून ठेवलं.

मला बी हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण सुंदरराव हसले न्हाईत. रातीला दाजींना बोलावून घेतलं. आल्यापासून दाजी जेवले न्हाईत. म्हणतात, माझ्यामुळं साहेबांचं हसं झालं. मी म्हणाले, कुत्रं भुंकणार न्हाई तर काय अभंग म्हणंल?

आता बाजारच्या दिवशी मोठी सभा हाय. बीडहून पेंटर बोलावलाय असं ऐकते. मी म्हणाले, मी संगं येणार. तर म्हणाले, त्या दिवशी हजेरीला गेली न्हाईस तर नाव कटंल, सुकडी बुडंल, वाघाचं मी बघतो. माझा जीव थाऱ्यावर न्हाई. पण त्यांनी जमादाराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की सांजच्यालाच नेतो. घरच्या माणसावर तेवढा भरवसा टाकलाच पाहिजे ना?

वहिनीला नमस्कार. तुझ्या मायेची भुकेली,

अंजना

*

श्री

चौसाळा
दि. २३ एप्रिल १९७३

रा. रा. तात्याबा यांसी,
आपला दाजी म्हाळू याचा नमस्कार विनंती विशेष.

आपणा सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगतो. पत्रास कारण की, अत्यंत दुःखद वृत्त कळवावे लागत आहे. आपला जमादार गेल्या बाजारच्या दिवशी अकस्मात पिसाळला. भर बाजारात शेकडो स्त्री-पुरुष व लेकरे उपस्थित असताना त्याच्या तोंडाला फेस आला, डोळे फिरले व तो अंगावर येऊ लागला. मा. सुंदररावांनी प्रसंगावधान राखून तातडीने बंदोबस्त करविला, त्यामुळे मोठा अनर्थ टळला. साहेबांनी सभेतही याचा उल्लेख केला व लोकांनी टाळ्या दिल्या. मला सर्वांसमोर शाबासकी मिळाली.

पौषात लांडग्याने चावा घेतला, ते विष अंगात भिनले असावे असे येथील जाणकारांचे मत पडले. होणाऱ्या गोष्टीला कोणाचा इलाज नाही. आपण मनास लावून घेऊ नये. अंजना थोडी नाराज आहे, परंतु स्त्रियांचे तसेच असते.

आपणास कळविण्यास आनंद होतो की पॅनेल भरघोस मतांनी निवडून आले व माझी कारखान्यात चौकीदार म्हणून नेमणूक नक्की झाली आहे. कधी या बाजूस आलात तर अवश्य यावे, कारखाना दाखवीन.

आपला स्नेह वृद्धिंगत व्हावा, ही अपेक्षा.

आपला,
म्हाळू

*

मु. राक्षसभुवन
दि. १ मे १९७३

चि. सौ. अंजनास,
तात्याबाचे आशीर्वाद.

दाजींचं पत्र पोचलं. काय लिहू? माझा जमादार गेला. पत्र वाचून मेंढरामागं जाऊन बसलो, चतुरा भाकरी घेऊन आली ती तशीच माघारी गेली. एवढ्या वर्षांत त्यानं एक कोकरू जाऊ दिलं न्हाई माझं.

पण रडायला वेळ न्हाई, तू आधी माझं ऐक. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ लई वाईट. तू त्याची जखम धूत होतीस, तो तुझा हात चाटत असंल, खडी फोडून तुझ्या हाताला चिरा पडलेल्या असणार. पत्र हातात पडलं की उठून बीडच्या सरकारी दवाखान्यात जा. पोटात इंजेक्शनं देतात, लई दुखतात म्हणे, पण घे. दाजींना बी घ्यायला लाव. हयगय केलीस तर माझ्या गळ्याची आण हाय.

दुसरी गोष्ट रंभीची. दाजींनी लांडग्याचं लिहिलंय ते खोटं कसं म्हणू? त्या रातीला त्याच लांडग्यानं दोघांना फाडलं. एकाच्या अंगात इख भिनलं तर दुसरीच्या बी असणार. कालपासून तिच्याकडं बघत बसलोय. उन्हानं असंल न्हाईतर दुसरं काही, तिनं भाकरी सोडलीय. पाणी प्याली, मग प्याली न्हाई. लेकीला तिच्यापासून दूर ठेवलं तर लेक रडून रडून जीव देती. रंभी बी दोरीला हिसके देऊन तिच्याकडं जाऊ बघती. चतुरा म्हणते, लेकराला चावली तर जन्मभर काय करशील?

आणखी एखादा दिवस बघतो. पिसाळून मरताना कुत्र्याचे लई हाल होतात, मी पाहिलेत. तिच्यावर ती पाळी येऊ देणार न्हाई.

तू दवाखान्यात जा. गेल्याचं कळव. तुझ्यावर जीव हाय म्हणून एवढं ओरडतो.

तुझा दादा,
तात्याबा

*

चौसाळा
दि. ५ मे १९७३

दादा,

नमस्कार-चमत्कार ऱ्हाऊ दे. रंभीला हात लावू नको. आधी हे वाच, मग बाकीचं वाच. रंभीला हात लावू नको. जमादार पिसाळला नव्हता.

आत्ता तुझं पत्र आलं. बाजाराला सांगितलं ते सांगितलं, पण तुला बी यांनी तेच लिहिलं असंल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मला म्हणाले, तुझ्या भावाला सगळं कळवलं. मी मनात म्हणाले, बरं झालं, मला कुठल्या तोंडानं लिहायचं ते कळत नव्हतं. मी गप बसले दादा, तेवढ्यात हे झालं.

साखराबाई त्या दिवशी कामावर आली नव्हती, ती बाजारात होती. तिनं सगळं डोळ्यांनी बघितलं. पेंटर म्हणाला, ही झूल बैलाची दिसते, वाघाची न्हाई. झूल काढून फेकली. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतात तो तेलाचा रंग आणला आन जमादाराच्या अंगभर थापला, पिवळा आन काळा. केसाकेसात रंग. शेपूट उभी ऱ्हावी म्हणून तारंनं बांधली. कुणीतरी म्हणालं, मुक्या जिवाला त्रास होईल. तर सुंदररावांचा माणूस म्हणाला, आपण बैलाला रंगवतो, झूल घालतो, खळ्यावर दिवसभर मुसकं बांधतो, बैल कधी मेला का?

मग मुसकं. सुंदररावांनी सांगितलं होतं, आज वाघ भुंकला तर तोंड दाखवू नका. जमादार कुणाला तोंडाला हात लावू देईना. तवा दाजी पुढं झाले. ते गेले म्हणून तो उभा राहिला. यांच्या हातची भाकरी खात होता ना. सुतळीनं तोंड गच्च आवळलं, वरून काळा रंग दिला, दिसू नये म्हणून.

सांजच्याला म्हणाले होते ते भर दुपारी काढली मिरवणूक. गर्दी दुपारीच असते म्हणे. पायी बी न्हाई, जीपच्या पुढल्या पत्र्यावर उभा केला. तो पत्रा हाताला सोसवत नव्हता असं साखराबाई म्हणती. पाय उचलून उचलून ठेवत होता, तर लोक म्हणाले, वाघ नाचतो. जीभ बाहेर काढता येईना. सुतळीच्या कडंनं फेस आला, मग कोसळला आन पाय झाडायला लागला. तवा कुणीतरी ओरडलं, पिसाळला. मग काय, काठ्या काय, दगडं काय. तराजूवाल्यांनी उद्या म्हटलं असतं वाघ मेला, म्हणून तिथल्या तिथं सुंदररावांनी भाषणात सांगून टाकलं की बाजार वाचवला.

रातीला हे मला म्हणाले, त्याला ओढ्यात टाकून आलो. मी सकाळी जाऊन बघितलं. अंगावर रंग वाळून कातडं ताठ झालं होतं. आन तोंडाला सुतळी तशीच होती दादा, दातांपर्यंत रुतलेली. मी पदरानं ओढून सोडवली. ज्याचं तोंड बांधलंय ते कुत्रं कुणाला चावणार होतं? एवढ्या बाजारात एकाला बी हे सुचू नये?

यांना विचारलं. म्हणाले, त्या गडबडीत मला खरंच पिसाळल्यासारखं वाटलं. मग म्हणाले, आता नोकरी लागलीय, तोंड मिटून ऱ्हा. मी त्या दिवसापासून यांच्याशी बोलत न्हाई, भाकरी करून समोर सरकवते. कारखान्याचा खाकी सदरा आलाय, तो खुंटीला लावून रोज झटकतात. मी अजून खडीलाच जाते. त्या पगाराचं मला खायचं न्हाई.

दवाखान्याचं मनातून काढ. मला काही झालं न्हाई. रंभी उन्हानं खात नसंल, तिला सावलीत बांध, पाणी शिंपड, ताकात भाकरी कुस्करून दे. हे पत्र साखराबाईच्या लेकाच्या हाती बीडला टपालात टाकायला देते, इथल्या पेटीत पडून ऱ्हायला नको. रंभी बरी हाय एवढं एका ओळीत कळव.

अंजना

*

मु. राक्षसभुवन
दि. १४ मे १९७३

चि. सौ. अंजनास,
तात्याबाचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र दुकानात तीन दिवस पडून होतं. मी मिठाला गेलो तवा दुकानदारानं दिलं. तुझा त्यात काही दोष न्हाई, आन त्याचाही न्हाई. रंभीला त्याच्याही आधी, मे महिना लागला त्याच हप्त्यात मी मारली.

तुला पत्र टाकून आलो तर ती पाण्याकडं बघून तोंड फिरवत होती. मला वाटलं, झालं. आता वाटतं, ते पाणी शेणानं घाण झालेलं होतं, मेंढरं बी पीत नव्हती. चतुरा लेकीला घेऊन गावात गेली. मी रंभीला बाभळीला बांधली. मी कुऱ्हाड घेऊन आलो तर तिला वाटलं, पाला तोडायला निघालो. माझ्याकडं बघून शेपूट हलवत उभी राहिली. पिसाळलेलं कुत्रं मालकाला वळखत न्हाई म्हणतात. तिनं मला वळखलं, हे मी डोळ्यांनी बघितलं, आन तरी कुऱ्हाडीची मागली बाजू तिच्या डोक्यात घातली. का? तर दाजींनी लिहिलं होतं. घरच्या माणसानं लिहिलेलं खोटं असतं का? तू बी तसंच म्हणालीस ना, भरवसा टाकलाच पाहिजे.

लेकीला सांगितलं, रंभी डोंगराकडं गेली, आपण गेलो की भेटंल. आता मी बी दाजींसारखाच झालो.

डोंगरात काही जाता येणार न्हाई. दोन्ही कुत्री गेली, रातीला मीच काठी घेऊन फेऱ्या घालतो आन तोंडानं भुंकल्यागत आवाज काढतो. परवा तरी एक मेंढी गेली. मृगाला कळप एका धनगराच्या हवाली करून इथंच कुणाच्या शेतावर ऱ्हावं म्हणतो. बापाच्या हातचा कळप होता.

दाजींना सांगू नको रंभीचं. त्यांना दुःख होणार न्हाई, उगा आपल्याला आणखी एक पत्र यायचं. त्यांची नोकरी टिको. कारखान्याच्या फाटकावर रातीला कुत्रं भुंकलं तर त्याला हाकलू नको म्हणावं, एवढा निरोप माझा दे.

तू पंचमीला येतेस का? बसची वाट बघंन. तुझ्यावर माझा लोभ होता तसा हाय. दाजींनाही नमस्कार लिहायची रीत हाय. ती तेवढी माझ्याच्यानं होत न्हाई.

तुझा दादा,
तात्याबा